आवाज ठीक

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८

माफी मागून सुरुवात करतो. कोणाची, ते सांगता येणार नाही. ही वही मीच लिहितो आणि मीच वाचतो. शेवटची नोंद गणपतीतली आहे. त्या दिवशी नियम केला होता की रागात असताना लिहायचं नाही. नियम पाळला. साडेचार महिने लिहायला दिवसच मिळाला नाही.

आज नियम मोडतो, कारण आजचा राग नोंदवण्यासारखा आहे.

भोंगवलीचे रखमाजी गुरुजी आले होते. गळ्याला लिंबाएवढी गाठ. थायरॉईड. मी ऑपरेशनची तारीख सांगितली. गुरुजी टोपी हातात घेऊन म्हणाले, डॉक्टर, पुण्यात म्हणे एक मशीन आलंय, आवाजाच्या नसेला हात लागला की वाजतं. तुमच्याकडं हाय का? मी म्हणालो, मला लागत नाही. ते म्हणाले, तुमाला न्हाई लागत हो, मला लागंल. पोरं शिकवायची असत्यात. आणि नमस्कार करून अकराच्या एसटीनं पुण्याला गेले.

हे लिहून ठेवायला हवं. भोरमध्ये हॉस्पिटल काढून एकोणीस वर्षं झाली. थायरॉईडची ऑपरेशनं १४१. थायरॉईडच्या मागून दोऱ्याएवढी नस वर जाते, एक डावीकडून, एक उजवीकडून. ती दुखावली की आवाज बसतो, पुष्कळदा कायमचा. माझ्या हातून एकही दुखावलेली नाही. हे मी अंदाजानं म्हणत नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक पेशंटपुढे, घरी सोडताना, मी स्वतःच्या अक्षरात ‘आवाज ठीक’ असं लिहिलेलं आहे. १४१ वेळा.

दुरुस्ती: १४०. एक जण न सांगता निघून गेला होता.

सौ. म्हणाली, मग शिकून घ्या ते मशीन, त्यात काय. पुण्याच्या एका हॉस्पिटलात सर्जन लोकांसाठी प्रशिक्षण आहे. एक रविवार वर्ग, मग आपल्याच हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं, त्यांचं मशीन, त्यांचा माणूस देखरेखीला. त्यानंतर सर्टिफिकेट. मी ठरवलं आहे की जायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, फ्रेम करून बाहेर लावायचं आणि मशीन कधीच वापरायचं नाही.

यात अप्रामाणिकपणा आहे का, असं स्वतःला विचारलं. पंधरा मिनिटं विचार केला. नाही.

बीपी १६०. पुन्हा मोजलं, १५४. तिसऱ्यांदा १४०. तेच धरलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

हॉस्पिटलातल्या आरडाओरड्यानं डोकं उठलं आहे. सिस्टर फौजिया पंधरा वर्षं माझ्याकडे आहेत आणि पेशंटला हाक मारतात ती एसटी स्टँडवर ऐकू जाते. नातेवाईक व्हरांड्यातून खिडकीशी बोलतात, खिडकीतून रस्त्याशी. आज मी सगळ्यांना एकत्र उभं करून हळू बोलण्याबद्दल दहा मिनिटं ओरडलो.

या सगळ्यात एकच माणूस शहाणा, आमच्या आया सगुणाबाई. मार्गासनीच्या. हॉस्पिटलात येऊन अकरा-बारा वर्षं झाली, कधी आवाज चढला नाही. कोणाला बोलवायचं तर जवळ जाऊन कानाशी सांगतात. लांब असेल तर ट्रॉलीवर चमच्यानं दोनदा टकटक करतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मूळचा स्वभाव.

पप्पू पेंटरला बोलावून पाटी करून घेतली. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘कृपया हळू बोला. सगुणाबाईंकडून शिका.’ वॉर्डात लावली. सगुणाबाईंना वाचून दाखवली.  त्यांनी फडकं आणून कडेचा ओला रंग तेवढा पुसला. विनय.

फौजिया म्हणाल्या, सर, ही पाटी आपल्या केबिनमध्ये पण एक लावू का?  माझा आवाज चढतो तेव्हा त्याला कारण असतं.

सगुणाबाईंना पाणी पिताना पुन्हा ठसका. दर हिवाळ्यात होतो. धुळीची ॲलर्जी. सिरप दिलं.

रविवार, १० फेब्रुवारी. पुण्याहून परत, संध्याकाळ

संतापाचा दिवस.

प्रशिक्षण देणारी सर्जन कोण, तर शिवऱ्याची आरजू. हायवेवर वसीमभाईंचं टायरचं दुकान आहे, त्यांची मुलगी. ही बारा वर्षांची असताना टेम्पोच्या फाळक्यावरून पडली होती. हनुवटीला चार टाके मी घातले. आज ती फळ्यापाशी उभी राहून मला आवाजाची नस कुठे असते ते सांगत होती. आम्ही बावीस सर्जन, त्यातले निम्मे माझ्याहून लहान, आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, डॉक्टरकाका, पुढे येऊन बसा ना.

हनुवटी नीट पाहिली. डाग दिसत नाही. टाके उत्तम पडले होते.

मशीनचं तत्त्व साधं आहे. श्वासाच्या नळीला तारा असतात, त्या व्होकल कॉर्डना, म्हणजे घशातल्या आवाजाच्या पडद्यांना, टेकतात. आपण बारीक सळईनं नसेला स्पर्श केला की कॉर्ड हलते आणि मशीन टुक टुक वाजतं. नस नसेल तर वाजत नाही. मी हात वर करून म्हणालो, मला नस डोळ्यांनी दिसते. आरजू म्हणाली, दिसणं वेगळं, काका, आणि चालणं वेगळं. एसटीसुद्धा डेपोत दिसते. लोक हसले. मी हसलो नाही.

मग तिनं विचारलं, ऑपरेशननंतर तुम्ही किती जणांच्या व्होकल कॉर्ड दुर्बिणीतून बघितल्या? मी सांगितलं की घरी सोडताना पेशंट माझ्याशी बोलतो, ते मी ऐकतो. ती म्हणाली, एक कॉर्ड बंद पडली तरी माणूस बोलतो. हळू बोलतो, दमून बोलतो, पाण्याचा ठसका लागतो. आपल्याला वाटतं, घाबरलाय. लोक डॉक्टरपुढे तसेही हळूच बोलतात.

हे सगळं पुस्तकी आहे. खेड्यातला माणूस तिला माहीत नाही.

दुरुस्ती: ती शिवऱ्याची आहे. माहीत असेल. पण आता पुण्यात राहते.

जेवणानंतरचं व्याख्यान भूल देणाऱ्यांसाठी होतं: स्नायू ढिले करणारं औषध कधी द्यायचं आणि कधी नाही. तो आमच्या जलीलभाईंचा विषय, आमच्याकडे भूल तेच देतात. त्यांच्या पुतण्याचं लग्न असल्यामुळे ते आले नव्हते. मी बाहेर चहा घेतला. त्यांच्यासाठी छापील कागद दिला आहे, तो उद्या देईन.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

जलीलभाईंना द्यायचा कागद कोटाच्या खिशात राहिला आणि कोट धुवायला गेला. कागदाचा लगदा झाला. तोंडी सांगितलं: सुरुवातीला नळी घालण्यापुरतं औषध, नंतर अजिबात नाही, नाहीतर मशीन मुकं होतं. जलीलभाई म्हणाले, समजलं. आम्हाला एकमेकांना फार सांगावं लागत नाही. एकोणीस वर्षं ते डोक्याशी आणि मी गळ्याशी. मी नुसता थांबलो तरी त्यांना कळतं. अशी जोडी पुण्यात दाखवावी कोणी.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दुखावलो आहे. राग आणि दुखावणं यांत फरक करायला हवा म्हणून हा शब्द वापरतो. राग वेगळा आलाच आहे.

सगुणाबाई आपल्या बहिणीच्या मुलीला घेऊन आल्या. नूतन. वय सत्तावीस, एसटीत कंडक्टर, भोर-वेल्हे गाडीवर. गळ्याला उजवीकडे गाठ, चांगलीच मोठी. खणखणीत मुलगी. तपासताना मी गप्प राहायला सांगितलं तर म्हणाली, डॉक्टर, मी गप बसले तर आंबवण्याचं पब्लिक विंझरला उतरंल.

तारीख द्यायला डायरी उघडली, तेवढ्यात सगुणाबाई जवळ आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, हिचं मशीनवर करा.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, सिस्टर सांगत व्हत्या, तुमी शिकून आलाय. हिचं त्या मशीनवर करा, न्हाईतर आमी पुण्याला नेतो.

बारा वर्षांत या बाईंनी मला एक अट घातलेली नाही. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? म्हणाल्या, तुमच्यावर हाय. पन हिची नोकरी आवाजाची हाय.

आणि मग ठसका लागला म्हणून बाहेर गेल्या.

शनिवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ६

दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला की सगुणाबाई असं का म्हणाल्या. शक्यता लिहून काढल्या. टीव्ही. रखमाजी गुरुजी. फौजियांची बडबड. शेवटी टीव्हीवर आलो.

त्यांचं स्वतःचं थायरॉईड मीच केलेलं आहे. त्यांना तर सगळ्यांत जास्त विश्वास हवा.

ठराव: १. नूतनचं ऑपरेशन मशीन लावून करायचं, आणि मशीनची गरज नव्हती हे सगळ्यांना दिसेल इतकं चांगलं करायचं. २. आरजूसमोर रागवायचं नाही. ३. बीपीची गोळी रोज.

गोळी आज राहिली. उद्यापासून.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

उद्या आठ वाजता आरजू मशीन घेऊन येते आहे. सगुणाबाईंनी ऑपरेशन थिएटर आज दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसू लागल्या तेव्हा मी थांबवलं. म्हणालो, काळजी करू नका, तिचा आवाज तुमच्यासारखा गोड राहील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलून गेल्या.

वॉर्डातली पाटी रोज न सांगता पुसतात, हे आज लक्षात आलं.

शनिवार, २३ फेब्रुवारी, दुपारी ४

पहिलं पेन मोडलं. रागानं.

क्रमानं लिहितो. जलीलभाईंनी नूतनला भूल दिली, तारांची नळी घातली. आरजू माझ्यासमोर सहायक म्हणून. गळा उघडला. आवाजाची नस जिच्यातून फुटते त्या गळ्यातल्या मोठ्या नसेला सळई लावून पाहिली, टुक टुक. आवाज दाराबाहेर जात होता. दाराच्या काचेतून सगुणाबाईंचं कपाळ दिसत होतं. त्या तिथे कधी उभ्या राहत नाहीत.

तासभर उत्तम काम. मग गाठ मागे चिकटलेली निघाली. मी थांबलो. चिमटा ट्रेमध्ये ठेवला. जरा जोरात ठेवला असेल. पुन्हा उचलला, काम सुरू. पाच मिनिटांनी समोर एक पांढरट दोरी आली. सळई लावली. आवाज नाही. पुन्हा लावली. नाही. म्हणजे नस नाही, रक्तवाहिनी. माझ्या डोळ्यांनाही रक्तवाहिनीच दिसत होती. ती बांधायला मी क्लॅम्प मागितला.

आरजू म्हणाली, काका, आधी मोठ्या नसेला लावून बघा, मशीन चालू आहे का. लावली. तिथेही आवाज नाही. मी म्हणालो, बघा, बंद पडलं तुमचं यंत्र, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. आणि क्लॅम्प पुढे नेला.

ती आवाज न चढवता म्हणाली, डॉक्टरकाका, हात बाहेर घ्या.

माझ्या थिएटरमध्ये. मी म्हणालो, ही रक्तवाहिनी आहे, मी अशा एकोणीस वर्षं बांधतोय. ती म्हणाली, असेलही. मशीन का गप्प झालं ते कळल्यावर बांधा. तारा तपासल्या. नळी तपासली. मग तिनं जलीलभाईंना विचारलं, सर, औषध दिलंत का मधे? जलीलभाई म्हणाले, दिलं ना. डॉक्टरांनी मागितलं. मी म्हणालो, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही. जलीलभाई म्हणाले, चिमटा ठेवलात की.

हे खरं आहे. गळा ताठ लागला की मी चिमटा ठेवतो आणि जलीलभाई स्नायू ढिले करायचं औषध देतात. एकोणीस वर्षं. यात मागणं, सांगणं काही नसतं. आज त्यांच्या हातानं ते आपोआप केलं. मशीन ठीक होतं. नूतनच्या कॉर्डच झोपल्या होत्या.

औषध उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. सव्वीस मिनिटं. मी हात छातीशी धरून उभा. ऑपरेशनमध्ये काहीही न करता मी कधी उभा राहिलेलो नाही.  दारातलं कपाळ हललं नाही.

सव्वीस मिनिटांनी मोठ्या नसेवर टुक टुक सुरू झालं. आरजू म्हणाली, आता तुमच्या रक्तवाहिनीला लावा.

लावली. वाजली.

जलीलभाई छताकडे बघत होते. पुढचं ऑपरेशन मी त्या नसेला बाजूला ठेवून, अत्यंत सावकाश केलं. शेवटी पुन्हा तपासलं, सगळीकडे टुक टुक.

नोंद: ती नस तिथे असायला नको होती. गाठीनं ढकलून पुढे आणली होती. माझा डोळा चुकला नाही, नसेची जागा चुकली होती.

तीन वाजता नूतन शुद्धीवर होती. आरजू म्हणाली, बोल काहीतरी. नूतन डोळे मिटून म्हणाली, फुडं सरका, दार मोकळं करा. अख्खा वॉर्ड हसला. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते, पण रडल्याचा आवाज नाही.

आरजूनं नाकातून बारीक दुर्बीण घालून नूतनच्या कॉर्ड बघितल्या. दोन्ही उत्तम हलतात. मग ती वॉर्डातली पाटी वाचत उभी राहिली. सगुणाबाई कोण, म्हणाली. मी अभिमानानं दाखवल्या.

बाकीचं उद्या.

रविवार, २४ फेब्रुवारी

नियम: रागात असताना लिहायचं नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

आज राग नाही. काल होता, कोणावर, ते दिवसभर ठरत नव्हतं. बीपी एकदाच मोजलं. १६४/१०२. तेच लिहितो.

परवाचं राहिलेलं. आरजूनं सगुणाबाईंना नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाली, मावशी, एक घोट पाणी पिता का? ठसका लागला. आरजू मला म्हणाली, काका, बघू का मी यांच्या कॉर्ड? मी म्हणालो, बघा, खुशाल बघा. हे मी म्हणालो कारण मला खात्री होती. ते नोंदवून ठेवतो.

दुर्बिणीला मी स्वतः डोळा लावला. उजवी कॉर्ड हलते. डावी हलत नाही.

आरजू काही बोलली नाही. बोलली असती तर मला रागावता आलं असतं. जीपमध्ये मशीन ठेवताना एवढंच म्हणाली, सर्टिफिकेटला अजून एक केस लागेल, काका. तोवर जुने पेशंट बोलवून घ्या. जमेल तेवढे.

आज दुपारी सगुणाबाईंना केबिनमध्ये बसायला सांगितलं. बसेनात. शेवटी स्टुलावर बसल्या. मी विचारलं, इतक्या वर्षांत सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, सांगितलं व्हतं की. टाकं काढायला आले तवा. तुमी म्हनला, सूज हाय, आठ दिसांत यील आवाज.

मी म्हणालो, मग? त्या म्हणाल्या, आठ दिसांत न्हाई आला. महिना वाट बघितली. मग परत दाखवायला आले. लई गर्दी व्हती त्या दिवशी. तुमची आया आली नव्हती. मी कोपऱ्यात हुबी ऱ्हायले, तर फौजिया सिस्टरनी माझ्या हातात झाडू दिला. मला सांगता येईना, आवाजच फुटंना. मग झाडलं. दुपारी तुमी आला, म्हनला, ही बाई बरी हाय, गोंगाट करत न्हाई, हिला ठेवा.

ते मला आठवतं. तसंच म्हणालो होतो.

त्या म्हणाल्या, पगारबी लागत व्हता. मग दाखवायचं ऱ्हायलंच.

नूतनची खाट केबिनच्या उघड्या दारासमोरच आहे, ती सगळं ऐकत होती. तिला बोलू नको म्हणून सांगितलंय. तरी म्हणाली, डॉक्टर, मावशी बांधावरनं हाक मारायची ना, तर नदीपल्याडची म्हसरं माना वर करायची. मी कंडक्टर झाले ती तिचं ऐकून. सगुणाबाईंनी तिला बोटानं गप्प केलं.

रजिस्टर काढलं. नोव्हेंबर १९९६. नंबर ५८. सगुणाबाई, वय ३८, मु. मार्गासनी, ता. वेल्हे. शेवटच्या रकान्यात माझं अक्षर. बाकीच्यांपुढे दोनच शब्द आहेत, त्यांच्यापुढे चार जास्त लिहिलेत: ‘आवाज ठीक. थोडा हळू. स्वभाव शांत.’

म्हणजे मी ऐकलं होतं.

मग बसून एक मोजदाद केली. १४० जणांपैकी घरी गेल्यावर पुन्हा कोणाकोणाचा आवाज मी ऐकला आहे. रस्त्यात, बाजारात, दुसऱ्या दुखण्यासाठी आलेले. खूप ताणून एकवीस झाले. त्यातल्या दोघांबद्दल खात्री नाही. बाकीचे कसे बोलतात, मला माहीत नाही.

दुरुस्ती, ४ फेब्रुवारीच्या नोंदीची: ‘एकही दुखावलेली नाही’ हे वाक्य खोडावं. एक. निदान एक.

सगळ्यांना पत्रं लिहायचा विचार केला. मजकूर चार वेळा सुरू केला. चारही वेळा पहिल्याच ओळीत ‘नियमित तपासणी’ आलं. चारही फाडली. पाचवं उद्या नको, डोकं शांत असताना लिहीन, असं म्हणालो आणि तेही इथे लिहितो, म्हणजे पुढे वाचताना दिसेल.

सगुणाबाई आत्ता घरी गेल्या. नूतनच्या उशाशी रात्री तिची आई राहणार आहे. जाताना त्यांनी नेहमीसारखं फडकं घेऊन पाटी पुसली. सगुणाबाईंकडून शिका. वरची ओळ पुसली, खालची पुसली, कोपरा वाकडा होता तो सरळ केला. मी दारात उभा होतो. थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण त्या निघाल्या होत्या, आणि ओरडावं लागलं असतं.

उद्या: पाटी काढणे. स्वतः.